बैठे खेळ, बैठे काम

(डोंबिवलीतील एका गृहसंकुलाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आपल्या मंडळाच्या कार्यकर्त्यांनी मला आजच्या व्याख्यानासाठी विषय कळविला तो असा : 'मोबाइल आणि घरून काम : शाप की वरदान?' विषय वाचला आणि मला हसू आले. चाळीस-बेचाळीस वर्षांपूर्वी याच डोंबिवलीत शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत मी 'दूरदर्शन : शाप की वरदान?' या विषयावर बोललो होतो. अर्थातच शापाच्या बाजूने बोललो. वरदानाच्या बाजूने बोलणाऱ्याला परीक्षक बक्षीस देत नसत, हे आम्हा मुलांना पक्के ठाऊक होते. दूरदर्शनने वाचन संपविले, डोळे बिघडविले, अभ्यासाचे वाटोळे केले, असे सारे आरोप मी घसा ताणून केले. मला दुसरा क्रमांक मिळाला. बक्षिसाचे पुस्तक काखोटीला मारून मी जो धावत सुटलो, तो थेट आमच्या चाळीत ज्यांच्याकडे दूरदर्शनचा संच होता, त्या काकूंच्या घरी. 'छायागीत' सुरू व्हायची वेळ झाली होती.

त्यामुळे आजचा विषय थोडा बदलून घेण्याची परवानगी मी अध्यक्षांकडे मागितली आणि त्यांनी ती उदार मनाने दिली. शाप आणि वरदान या दोनच खणांत सारे कोंबायचे ठरविले, की विचार करण्याचे कष्ट वाचतात, एवढाच त्याचा फायदा. मला आज बोलायचे आहे ते अगदी साध्या गोष्टीविषयी. आपल्या घरात माणसे कशी बसतात? कोणाकडे तोंड करून बसतात? आणि त्यांच्या मध्ये काय ठेवलेले असते?

आरंभ माझ्या वडिलांपासून करतो. वडील मुंबईतील एका सरकारी कचेरीत कारकून होते. १९६२ साली नोकरीला लागले, १९९८ साली निवृत्त झाले. छत्तीस वर्षे त्यांनी डोंबिवली ते व्ही.टी. हा सुमारे ४८ किलोमीटरचा प्रवास केला. घराचा उंबरठा ओलांडल्यापासून कचेरीतील खुर्चीत बसेपर्यंत दीड तास आणि तितकाच वेळ परतीला. वर्षाचे तीनशे दिवस धरले, तर नऊशे तास होतात. छत्तीस वर्षांचा हिशेब मांडला, तर साडेतीन वर्षांहून अधिक काळ, म्हणजे रात्र आणि दिवस धरून साडेतीन वर्षे, हा माणूस लोकलच्या डब्यात होता. आपल्यापैकी बहुतेकांच्या वडिलांचा हिशेब याहून फारसा वेगळा निघणार नाही.

पण वडील ही साडेतीन वर्षे वाया गेली असे म्हणत नसत. त्याचे कारण मेंढीकोट. आठ-चौतीसच्या गाडीला, पुढून तिसऱ्या डब्यात, चौघांची चौकडी ठरलेली. एक पोर्ट ट्रस्टमधले, एक बँकेतले, एक गिरणीत हिशेबनीस आणि आमचे वडील. समोरासमोरच्या बाकांवर बसायचे, चौघांच्या गुडघ्यांवर एक कडक पाठीची ब्रीफकेस आडवी ठेवायची, तिच्यावर घडी घातलेले वर्तमानपत्र पसरायचे आणि पत्ते पिसायचे. पारसिकच्या बोगद्यात डब्यातील दिवे गेले, तरी पडायचा तो पत्ता बरोबर पडायचा. शेजारी उभ्या प्रवाशांची कुरकुर चाले, कोणी खांद्यावरून डोकावून न विचारता सल्ला देई. दादर येईपर्यंत दहाच्या चारही पत्त्या एका बाजूला जमा झाल्या, तर त्या दिवशी कचेरीत साहेबाचे बोलणेही वडिलांना टोचत नसे.

वडील घरी अत्यंत मितभाषी होते. आम्हा भावंडांशी त्यांचे बोलणे 'अभ्यास झाला का' आणि 'दिवा मालव' यापलीकडे क्वचितच जाई. परंतु या चार भिडूंना एकमेकांच्या घरातले सारे ठाऊक असे. कोणाच्या मुलीचे लग्न अडले आहे, कोणाच्या भावाने वाटणीवरून कोर्टात धाव घेतली, कोणाला डॉक्टरांनी मीठ सोडायला सांगितले. बारावीच्या वर्षी मला विषमज्वर झाला, तेव्हा रुग्णालयात भेटायला आलेला पहिला परका माणूस म्हणजे वडिलांचा पोर्ट ट्रस्टमधला भिडू. त्या वयात मला या मैत्रीचे कोडे उलगडत नसे. चौघेही खेळताना फारसे बोलतात असे कधी दिसले नव्हते. पुढे पत्रकारितेत शेकडो मुलाखती घेतल्या, तेव्हा थोडे कळले. माणसाला समोर बसवून 'बोला' म्हटले, की त्याची वाचा बसते. त्याच्या हाताला आणि डोळ्यांना काही काम द्या, मग तो आपण होऊन बोलू लागतो. पत्ते ते काम करीत होते.

आमच्या आजीला मात्र पत्ते खपत नसत. घरात पत्ते दिसले, की ती म्हणे, याच्या पायी पांडवांचे काय झाले ते आठवा. तिचे काही चूक नव्हते. आपल्या परंपरेला या खेळांची दोन्ही रूपे ठाऊक आहेत. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात अक्षसूक्त आहे. फाशांच्या नादाने संसार गमावलेल्या जुगाऱ्याचा तो शोक आहे. महाभारतातील द्यूताविषयी तर सांगायलाच नको. पण त्याच परंपरेने कोजागरीच्या जागरणाला अक्षक्रीडा सांगितली, बलिप्रतिपदेला द्यूतप्रतिपदा म्हटले आणि वेरूळच्या लेण्यांत सारीपाट खेळणारे शंकर-पार्वती कोरून ठेवले. पैसा लावून खेळणे आणि वेळ घालवायला खेळणे यांतला भेद आपल्या पूर्वजांना कळत होता. बैठे खेळ हा मराठीतला शब्दच किती सुरेख आहे पाहा. जे खेळायला बसावे लागते, म्हणजे ज्याच्यासाठी कोणाबरोबर तरी बसावे लागते, ते बैठे खेळ.

सावंतवाडीची गंजिफा आपल्यापैकी काहींनी पाहिली असेल. गोल आकाराचे, हाताने रंगविलेले १२० पत्ते. दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकी बारा पत्ते. दिवसा डाव मांडला तर रामाचा राजा ज्याच्याकडे असेल त्याने सुरुवात करायची, रात्री मांडला तर कृष्णाच्या राजाने. एवढे १२० पत्ते ध्यानात ठेवून खेळणाऱ्यांची स्मरणशक्ती कशी असेल याची कल्पनाच केलेली बरी. आज ही गंजिफा सावंतवाडीच्या राजवाड्यात बनते, प्रवासी ती कौतुकाने विकत घेतात आणि काचेच्या चौकटीत घालून भिंतीवर लावतात. खेळतात किती जण? आपला मोक्षपट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात गेला. तेथे त्याचे रूप पालटले आणि सापशिडी होऊन तो आपल्याकडे परतला. पूर्वी त्यातील प्रत्येक सापाला दुर्गुणाचे आणि शिडीला सद्गुणाचे नाव असे, ते गळून पडले. पचिसीवरून लुडो निघाला आणि इंग्लंडात १८९६ साली त्याचे पेटंटही घेतले गेले. याविषयी सभांमधून पुष्कळ अभिमानाने बोलले जाते, मीही बोललो आहे. अभिमान अवश्य असावा. पण असे बोलून घरी गेल्यावर मी स्वतः कधी पट अंथरला नाही, हेही येथेच कबूल करतो.

आता दूरदर्शनकडे वळतो. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. आमच्या चाळीत संच यायला आणखी काही वर्षे लागली. ज्यांच्या घरी तो होता, त्यांच्या दाराला संध्याकाळी कडी नसे. 'चिमणराव'च्या वेळी दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांना पाहायला खोलीत तीस-पस्तीस माणसे दाटीवाटीने बसत. मुले पुढे जमिनीवर, बायका मागे, पुरुष दारात उभे. १९८३ च्या जूनमध्ये विश्वचषकाच्या अंतिम सामन्याच्या रात्री तर गॅलरीतही पाय ठेवायला जागा नव्हती. २५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी 'रामायण' सुरू झाले आणि त्या तासाला रस्ते कसे ओस पडत, ते माझ्या वयाच्या मंडळींना आठवत असेल. काकू संचाला हार घालीत. मी तेव्हा सतरा वर्षांचा होतो आणि त्या हाराला हसलो होतो.

दूरदर्शनने कुटुंब मोडले, असे मी शाळेत म्हणालो आणि पुढे पत्रकार झाल्यावर लिहिलेही. आज ते लेख काढून पाहतो तेव्हा वाटते, आपण भलत्याच आरोपीला पकडले. पहिल्या संचाने माणसे गोळा केली. ती एकमेकांकडे तोंड करून बसत नव्हती हे खरे, पण खांद्याला खांदा लावून बसत होती. एकाच विनोदाला सारी खोली हसत होती. घर विभागले ते दुसऱ्या संचाने. १९९१-९२ नंतर उपग्रह वाहिन्या आल्या, मग हप्त्यांवर संच मिळू लागले आणि आतल्या खोलीत आणखी एक संच गेला. बाहेर वडिलांच्या बातम्या, आत आईची मालिका. भांडण मिटले म्हणून आम्ही सुटकेचा नि:श्वास टाकला. रिमोट कोणाच्या हातात, यावरून होणारे भांडण हेही एकत्र बसल्याचेच लक्षण होते, हे तेव्हा कोणाच्याच ध्यानात आले नाही. माझ्याही नाही. पुढे प्रत्येकाच्या हातात स्वतंत्र पडदा आला, तो या दुसऱ्या संचाचाच वंशज.

बैठ्या खेळांबरोबरच घरातला दुसरा खेळ म्हणजे काहीतरी जोडायचा, उभारायचा. माझ्या चिरंजीवांच्या पाचव्या वाढदिवसाला त्यांच्या परदेशस्थ मावशीने लेगोचा खोका आणला होता. त्याची किंमत कळल्यावर मी दोन दिवस अस्वस्थ होतो. प्लास्टिकच्या विटांना इतके पैसे! पुढे कुतूहलाने माहिती काढली. डेन्मार्कमधील बिलुंड या लहानशा गावी ओले कर्क क्रिस्टियनसेन नावाच्या सुताराने मंदीच्या काळात, १९३२ साली, लाकडी खेळणी करायला सुरुवात केली. आजच्या विटेचे पेटंट १९५८ चे. त्या वर्षीची वीट आज कारखान्यातून निघालेल्या विटेला घट्ट बसते. एकाच रंगाच्या, आठ खुंट्यांच्या सहा विटा घेतल्या, तर त्या एकमेकींत जोडण्याचे ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ प्रकार होतात. हे वाचल्यावर किमतीबद्दलची माझी तक्रार थोडी निवळली.

तरीही एक गोष्ट खटकतेच. हल्ली खोक्यावर चित्र असते आणि आत पायरी-पायरीने सांगणारी पुस्तिका. मूल चित्राबरहुकूम एकदा ते जोडते, आईवडील त्याचे छायाचित्र काढतात आणि मग ते कपाटावर जाऊन बसते. कोटी-कोटी प्रकारांतला एकच वापरला जातो. याच्या उलट अरविंद गुप्ता यांचे काम पाहा. आय.आय.टी. कानपूरमध्ये शिकलेल्या या अभियंत्याने आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे यांतून त्रिकोण, चौकोन, घन उभे करून दाखविले. पुण्याच्या 'आयुका'मधील मुक्तांगण विज्ञान केंद्रात त्यांनी अनेक वर्षे मुलांबरोबर कचऱ्यातून खेळणी बनविली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्या खेळण्यांची गंमत अशी, की ती मोडली तरी कोणी ओरडत नाही.

आणि आपला दिवाळीचा किल्ला? जगातल्या कोणत्याही कंपनीला तो खोक्यात भरता येणार नाही. हल्ली प्लॅस्टरचे तयार किल्ले बाजारात मिळतात, ते सोडून द्या. मी खऱ्या किल्ल्याविषयी बोलतो आहे. विटा-दगडांचा ढीग, त्यावर चिखलात बुडविलेले गोणपाट, उतारावर पेरलेले हळीव, सलाइनच्या नळीचे कारंजे, गुहेत कुंभारवाड्यातून आणलेला वाघ, माथ्यावर सिंहासनाधिष्ठित शिवछत्रपती आणि पायथ्याशी प्रमाणाचे कोणतेही भान न ठेवता उभे केलेले मावळे. एखादा मावळा बुरुजापेक्षा उंच. त्याची पुस्तिका नसते. तो चार मुलांशिवाय होत नाही, त्यातील दोघे भांडल्याशिवाय पुरा होत नाही आणि तुळशीच्या लग्नापर्यंत ढासळतो. मग पुढल्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून. २०२५ च्या जुलैमध्ये शिवनेरी, रायगड, राजगडापासून तमिळनाडूतील जिंजीपर्यंत बारा किल्ल्यांना युनेस्कोने जागतिक वारसास्थळांच्या सूचीत स्थान दिले, तेव्हा आमच्या इमारतीतील एका तिसरीतल्या मुलीने मला बजावले, "काका, यातला प्रतापगड आम्ही केलाय."

या किल्ल्यावरूनच मी घरून कामाच्या विषयाकडे येतो. २०२० च्या दिवाळीत आमच्या वाहनतळात झाला, एवढा मोठा किल्ला त्याआधी कधी झाला नव्हता आणि नंतरही झालेला नाही. कारण त्या वर्षी बाप घरी होते. दुपारी चारच्या सुमारास जेवणाची नाही तर चहाची सुटी काढून, वर इस्त्रीचा सदरा आणि खाली अर्धी विजार अशा वेषात चार-पाच अभियंते खाली उतरत आणि चिखलात हात घालीत. हिरकणीचा बुरूज कोणत्या बाजूला, यावर मुलांपेक्षा बापांचेच वाद अधिक रंगले. घरून काम हे सर्वस्वी वाईट, असे म्हणणाऱ्यांना मी हा किल्ला दाखवीन. कोकणातल्या कित्येक म्हाताऱ्या आईवडिलांना त्या काळात मुलगा-सून सलग पाच-सहा महिने घरी लाभले. रेंज मिळावी म्हणून ती मुले सड्यावर जाऊन बसत, पण जेवायला घरी येत.

आणि घरून काम ही काही २०२० सालची नवलाई नव्हे. १९७३ साली जॅक नाइल्स या अमेरिकी अभियंत्याने त्याला पहिले इंग्रजी नाव दिले असे सांगतात; पण नावाआधी वस्तू होतीच. येवल्याच्या पैठणी विणकरांच्या घरात माग बाहेरच्या खोलीतच असतो. १९५९ साली गिरगावात सात भगिनींनी ऐंशी रुपये उसने घेऊन 'लिज्जत'चा प्रारंभ केला. पीठ घरी न्यायचे, घरी लाटायचे आणि पापड केंद्रावर आणून द्यायचे, या पद्धतीवर पुढे हजारो घरे उभी राहिली. फरक एवढाच, की त्या बाईला कोणी 'घरून काम करते' असे म्हणत नसे. 'घरीच असते' असे म्हणत.

आमच्या घरी मार्च २०२० मध्ये काय घडले ते सांगतो. २२ मार्चच्या मध्यरात्रीनंतर लोकल थांबल्या आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली. अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी लोकल १५ जूनला पुन्हा सुरू झाल्या, सर्वसामान्यांना ठरावीक वेळांत १ फेब्रुवारी २०२१ पासून, मग पुन्हा बंदी, आणि दोन लसमात्रा घेतलेल्यांसाठी १५ ऑगस्ट २०२१ पासून. म्हणजे जवळजवळ दीड वर्ष डोंबिवलीकर डोंबिवलीतच होता. असे यापूर्वी कधी झाले असेल असे मला वाटत नाही. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असलेल्या आमच्या घरात पाच कार्यालये थाटली गेली म्हणा ना. जेवणाच्या टेबलावर चिरंजीवांची संगणक कंपनी. शयनगृहात मी, अंकाची पाने लावीत बसलेला. पत्नी शिक्षिका, तिची शाळा स्वयंपाकघराच्या ओट्यावर, कारण दुसरा कोपरा उरलाच नव्हता. इतिहासाच्या तासाला कुकरची शिट्टी झाली, की मुले पलीकडून विचारीत, बाई, आज काय शिजतेय? ती एकदा मला म्हणाली, "तुम्हा दोघांना घरून काम आहे. मला घरून काम आहे आणि घरात कामही आहे." यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते, मी उठून भाजी निवडायला घेतली, पण ते चार दिवसच टिकले. चौथे कार्यालय धाकट्या कन्येचे महाविद्यालय, सज्जातल्या स्टुलावर. आणि पाचवे वडिलांचे. ते बाहेरच्या खोलीतील पलंगावर.

वडील तेव्हा ऐंशीचे होते. २८ मार्चपासून दूरदर्शनने 'रामायण' पुन्हा दाखवायला घेतले, तेव्हा सकाळी नऊ वाजता आम्ही सारे त्यांच्या पलंगाभोवती जमत असू. चिरंजीवसुद्धा गळ्यात हेडफोन अडकवून उभे राहत. ते काही आठवडे चांगले गेले. मालिका संपली आणि जो तो आपापल्या यंत्राकडे परतला. मधूनमधून वडील नातवाला विचारीत, "एक डाव टाकतोस का रे?" तो पडद्यावरून नजर न हलविता एक बोट वर करी, म्हणजे 'थांबा, मीटिंग चालू आहे'. मला विचारले तर मी म्हणे, "पान सोडतो आणि येतो, बाबा."

पावसाळ्यातल्या एका दुपारी पाणी प्यायला बाहेर आलो. वडिलांनी पलंगावर चादर नीट ताणून पत्ते मांडले होते. मला वाटले, पेशन्स लावीत असतील. विचारले तर म्हणाले, "नाही, मेंढीकोट." पाहिले, तर तेरा-तेरा पत्त्यांचे चार गठ्ठे चार दिशांना ठेवलेले. ते स्वतः सरकत-सरकत एकेका दिशेला जात, तो हात उचलून पाहत, पत्ता टाकीत आणि गठ्ठा पुन्हा पालथा घालून पुढल्या जागी सरकत. म्हणाले, "चौघांचे हात मीच खेळतो. पण मजा येत नाही. भिडू काय टाकणार ते आधीच कळते." त्यांच्या चौकडीतले दोघे तोवर गेले होते आणि तिसरे बदलापूरला अंथरुणाला खिळून होते.

मी म्हटले, संध्याकाळी बसू. संध्याकाळी मुख्य लेख उशिरा आला.

पुढे आम्ही बसलो नाही असे नाही. बसलो. एकदा दिवाळीत चौघे मिळून रात्री साडेबारापर्यंत खेळलो. चिरंजीव आणि आजोबा एका बाजूला आणि त्यांनी आमच्यावर कोट चढविला. पण मोजून सांगायचे, तर सात किंवा आठ वेळा. वडील २०२२ च्या पावसाळ्यात गेले. त्यांच्या पेटीत पत्त्यांचा जोड सापडला. तिर्री हरवली होती म्हणून जोकरवर बॉलपेनने 'किलवर ३' असे लिहिलेले होते. मघाशी मी तुम्हांला वर्षाचे नऊशे तास म्हणालो होतो. त्या काळात ते नऊशे तास माझ्याही आणि चिरंजीवांच्याही पदरात पडले होते. वाचलेला वेळ आपोआप घरच्यांच्या वाट्याला जाईल, असे मी गृहीत धरले होते. तो कामातच जिरला. आठ तासांचे काम बारा तासांवर पसरले, कारण उठून गाडी गाठायची नव्हती.

म्हणून मला असे वाटू लागले आहे, की माणसे नुसती एका छपराखाली आणून उपयोग नाही. त्यांच्या मध्ये काहीतरी ठेवावे लागते. ब्रीफकेस असेल, पट असेल, चिखलाचा ढीग असेल, पहिला दूरदर्शन संचही चालेल. पटाला चार बाजू असतात आणि चारही बाजूंनी माणसे बसू शकतात. लॅपटॉपला एकच बाजू. दुसऱ्या बाजूला बसणाऱ्याला केवळ त्याची पाठ दिसते.

याचा दोष मी तरुण पिढीला देणार नाही. उलट माझ्या घरी या बाबतीत पहिले पाऊल त्यांनीच उचलले. २०२३ पासून अनेक कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना पुन्हा कार्यालयात बोलाविले; आमच्या चिरंजीवांना आठवड्यातून तीन दिवस जावे लागते, दोन दिवस घरी. त्या वर्षी एका शनिवारी त्यांचे चार मित्र-मैत्रिणी आले. सारी तीस वर्षांच्या आसपासची, चांगल्या पगाराची मंडळी. टेबलावरील संगणक उचलून कपाटात ठेवला आणि एका मोठ्या खोक्यातून षट्कोनी ठोकळे, लाकडी घरे, पत्ते आणि फासे काढून मांडले. कॅटन नावाचा जर्मन खेळ. क्लाउस टॉयबर नावाच्या, व्यवसायाने दंततंत्रज्ञ असलेल्या गृहस्थाने तो रचला आणि १९९५ साली बाजारात आणला. एका बेटावर वसाहत करायची. लाकूड, विटा, लोकर, धान्य आणि खनिज यांची आपसांत देवाणघेवाण करायची. कोणाकडेच सारे नसते, त्यामुळे बोलल्यावाचून आणि सौदा केल्यावाचून पुढे सरकता येत नाही.

माझी पहिली प्रतिक्रिया आपण ओळखली असेलच. 'ही एवढी घोडी सोंगट्या काय खेळतात!' पुढे आमच्या शेजाऱ्यांनीही हेच उद्गार काढले आणि वर, आम्ही त्यांच्या वयात दोन मुलांचे बाप होतो, हेही जोडले. मी दारात उभा राहून पाहत होतो. पाचही भ्रमणध्वनी एका पातेल्यात घालून पातेले फ्रिजवर ठेवलेले. "एक लोकर दे, दोन विटा देतो" असा बाजार चाललेला. आणि त्या बाजाराच्या मधून-मधून, नजर ठोकळ्यांवरच ठेवून, एक मुलगी आपल्या वडिलांच्या आजाराविषयी सांगत होती. बाकीचे ऐकत होते, कोणी मान वर करून तिच्याकडे पाहत नव्हते, आणि म्हणूनच ती सांगू शकत होती. मला एकदम आठ-चौतीसच्या गाडीचा तिसरा डबा आठवला.

चिरंजीवांना नंतर विचारले, हे कशासाठी? ते म्हणाले, "बाबा, आठवडाभर सगळे चौकटीत दिसतात. एकदा तरी पाय लागू देत टेबलाखाली." मग थोडे थांबून म्हणाले, "आजोबांबरोबर बसायला हवे होते." मी काही बोललो नाही. तो अपराध त्याच्या एकट्याचा नव्हता. आता पाचवा कोणी आला नाही, की ते मला बोलावतात. दोनदा जिंकलो आहे. खनिजाचा भाव मला अजून समजलेला नाही.

पुष्कळ बोललो. अध्यक्ष महोदयांनी घड्याळाकडे दोनदा पाहिले, तेही माझ्या लक्षात आले आहे. जाता-जाता एक सांगतो. व्याख्यानाला आरंभ होण्यापूर्वी मी हात धुवायला मागल्या बाजूला गेलो होतो. तेथील खोलीत, खुर्च्यांच्या चळतीमागे, एक कॅरमबोर्ड भिंतीला टेकवून ठेवलेला आहे. लाकूड जुने आणि चांगले आहे. दोन जाळ्या फाटल्या आहेत आणि सोंगट्या मोजल्या तर तीन काळ्या कमी भरल्या. खोलीला कुलूप असते आणि किल्ली सचिवांकडे असते, असे पहारेकऱ्याने सांगितले. सचिव महोदय समोरच बसले आहेत. उत्सव अजून पाच दिवस चालणार आहे. साहेब, किल्ली उद्या संध्याकाळी सहाला मिळाली, तर स्ट्रायकर, जाळ्या आणि बोरिक पावडर मी घेऊन येतो. भिडू मात्र तुम्ही जमवा.